गॅट्स्बीचा हिशेब : ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही कादंबरी कशी वाचावी

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही कादंबरी न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स या प्रकाशनसंस्थेने १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध केली. तिची प्रकरणे अवघी नऊ आहेत आणि कथानक दोन-चार वाक्यांत सांगता येते. गरीब घरातला गॅट्स्बी हा तरुण सैन्यात असताना डेझी या श्रीमंत मुलीच्या प्रेमात पडतो. तो युद्धावर गेला असताना ती टॉम या श्रीमंत माणसाशी लग्न करते. तो बेकायदा मार्गाने अफाट पैसा मिळवतो, तिच्या घरासमोर खाडीपलीकडे महाल विकत घेतो आणि पाच वर्षांपूर्वीचे सारे पुन्हा जुळवायला निघतो. शेवटी तो मारला जातो आणि ती नवऱ्याबरोबर गाव सोडून जाते. एवढे समजले की पुष्कळ वाचक ही विफल प्रेमाची एक करुण कथा आहे असे मानून पुस्तक मिटतात, आणि मग जगभर तिचे एवढे कौतुक कशासाठी होते हे कोडे त्यांना सुटत नाही.

माझ्या मते हे कोडे सुटण्याचा एक सरळ मार्ग आहे. या कादंबरीतला पैसा, हरवलेले प्रेम आणि गतकाळाची ओढ हे तीन विषय वेगवेगळे धरू नयेत. गॅट्स्बीला डेझी हवी आहे हे खरे, पण त्याहून त्याला एक तारीख परत हवी आहे, आणि पुरेसे पैसे मोजले की तारीखसुद्धा परत मिळते अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. ही समजूत पुस्तकात कुठे कुठे आणि कोणत्या तपशिलांतून दिसते हे ज्याला पाहायचे आहे, त्याने कादंबरी कशी वाचावी याची एक पद्धत पुढे दिली आहे.

प्रथम पुस्तकाविषयी. अमेरिकेत या कादंबरीचा स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२१ रोजी संपला आणि भारतात तो त्याच्या कितीतरी आधीच संपला होता, त्यामुळे स्वस्त प्रती भरपूर मिळतात आणि मूळ संहिता विनामूल्यही उपलब्ध आहे. प्रत घेताना ती संक्षिप्त नाही एवढे पाहावे आणि शक्य असेल तर शेवटी टिपा असलेली घ्यावी. कादंबरीतली माणसे १९२२ सालातल्या वर्तमानपत्री गोष्टी सहज बोलून जातात. मायर वुल्फशाइम या पात्राने १९१९ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पैसे चारून फिरवली असे गॅट्स्बी कथेचा निवेदक निक याला सांगतो, त्या पात्रामागे आर्नल्ड रॉथस्टीन हा न्यूयॉर्कचा खराखुरा जुगारी आहे. आणि टॉम जेवणाच्या टेबलावर ज्या वंशद्वेष्ट्या पुस्तकाचे गोडवे गातो, त्यामागे लॉथ्रॉप स्टॉडर्ड यांचे त्या काळी गाजलेले लेखन आहे. असे संदर्भ हाताशी असले तर वाचन अडखळत नाही. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांनी गाइड मात्र पहिल्या वाचनानंतरच उघडावे, कारण गाइडमध्ये आधी चिन्हे आणि मग माणसे येतात.

पहिले वाचन पेन्सिल न घेता करावे. एका बैठकीत एक प्रकरण पुरे होते. फिट्झजेराल्ड यांची काही वाक्ये लांब आणि काव्यमय आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द कोशात पाहत बसल्यास वाक्याचा झोक हरवतो, म्हणून अर्थ अंदाजाने घेऊन पुढे जावे. खरे काम दुसऱ्या वाचनात आहे, आणि त्यासाठी दोन कोरी पाने लागतात.

पहिल्या पानावर तारखा लिहाव्यात. निक कॅरवे हा निवेदक १९२२ च्या उन्हाळ्याची हकिगत सुमारे दोन वर्षांनी सांगत आहे, पण गॅट्स्बीचे पूर्वायुष्य त्या हकिगतीत तुकड्या-तुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने येते. चौथ्या प्रकरणात गॅट्स्बी स्वतःविषयी बऱ्याच थापा मारतो आणि त्याच प्रकरणात डेझीची मैत्रीण जॉर्डन बेकर त्या दोघांच्या लुईव्हिल या गावातल्या प्रेमाची खरी गोष्ट सांगते. त्याचे मूळ नाव जेम्स गॅट्झ असल्याचे सहाव्या प्रकरणात कळते. लुईव्हिलमधल्या प्रेमाचा उरलेला भाग आठव्यात येतो, आणि त्याचे बालपण नवव्या प्रकरणात त्याच्या वडिलांच्या खिशातून निघते. पानावर तीन रकाने आखावेत : साल, घटना, आणि ही माहिती कोणाकडून कितव्या प्रकरणात मिळाली. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये, कारण ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट यांतले अंतर त्याच्यामुळेच लक्षात येते.

हे पान भरले की काय दिसते ते पाहावे. जॉर्डनने डेझी आणि त्या तरुण अधिकाऱ्याला डेझीच्या पांढऱ्या गाडीत एकत्र पाहिले ते ऑक्टोबर १९१७ मध्ये. त्यांचा सहवास किती काळ होता, याचे उत्तर आठव्या प्रकरणात एका वाक्याच्या ओघात येते आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटते : महिनाभर. जून १९१९ मध्ये डेझीचे टॉम ब्यूकॅननशी लग्न झाले, तेव्हा गॅट्स्बी युद्ध संपूनही ऑक्सफर्डमध्ये अडकला होता. तिचे पत्र त्याला तिथेच मिळाले. तो परतला तेव्हा नवे जोडपे अजून मधुचंद्राच्या प्रवासात होते. सैन्यातल्या पगाराचे शेवटचे पैसे खर्चून तो लुईव्हिलला गेला आणि तिच्याबरोबर जिथे जिथे फिरला होता त्या रस्त्यांवरून आठवडाभर एकटा फिरला. एप्रिल १९२० मध्ये डेझीला मुलगी झाली. म्हणजे एका महिन्याच्या सहवासावर पाच वर्षांची इमारत उभी आहे, आणि त्या पाचांतली तीन वर्षे ती दुसऱ्याची बायको आहे. हे आकडे एकाखाली एक आले की गॅट्स्बीविषयीची सहानुभूती कमी होत नाही, पण तो नेमके कोणावर प्रेम करत होता हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

या पानावरची मुलीच्या जन्माची नोंद ठळक करावी. सातव्या प्रकरणात दाई त्या छोट्या मुलीला बैठकीच्या खोलीत आणते तेव्हा गॅट्स्बी तिच्याकडे आश्चर्याने पाहतच राहतो, आणि तिच्या अस्तित्वावर त्याने याआधी खरोखर कधी विश्वास ठेवला नसावा असे निकला वाटते. तो प्रसंग जेमतेम पानभराचा आहे. गॅट्स्बीला जी पाच वर्षे पुसून टाकायची आहेत, त्यांतली ही एक गोष्ट चालत त्याच्यासमोर येते.

तारखांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. फिट्झजेराल्ड यांचे गणित प्रत्येक ठिकाणी जुळत नाही. पहिल्या प्रकरणात डेझी आपली मुलगी तीन वर्षांची असल्याचे सांगते, पण जॉर्डनच्या हिशेबाने ती तेव्हा दोनच वर्षांची असायला हवी. लहानग्या जिमीने, म्हणजे बालपणीच्या गॅट्स्बीने, दिनक्रम लिहून ठेवलेल्या ‘हॉपलाँग कॅसिडी’ या पुस्तकाच्या पानावर १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख आहे, आणि ते पुस्तक मुळात १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा विसंगतींतून गूढ अर्थ काढणारे अभ्यासक आहेत. मला त्या साध्या चुका वाटतात. त्यांची नोंद करून पुढे जावे.

दुसऱ्या पानावर पैसे लिहावेत. कादंबरीत आकडे आश्चर्यकारक प्रमाणात आहेत. निक त्याच्या लहानशा घराला महिना ऐंशी डॉलर भाडे देतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बंगले एका हंगामाला बारा-पंधरा हजार डॉलरना जातात. टॉमने लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला दिलेल्या मोत्यांच्या माळेची किंमत साडेतीन लाख डॉलर आहे. निकच्या भाड्याने हिशेब केला तर तेवढ्या रकमेत साडेतीनशेहून अधिक वर्षे राहता आले असते. डॅन कोडी या म्हाताऱ्या खाणसम्राटाने गॅट्स्बीसाठी मृत्युपत्रात पंचवीस हजार डॉलर ठेवले होते, म्हणजे त्या माळेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे, आणि तेही कायद्याच्या कोणत्या तरी डावपेचात त्याच्या हाती आले नाहीत. पार्टीत एका पाहुणीचा झगा फाटतो तेव्हा आठवड्याच्या आत गॅट्स्बी तिला दोनशे पासष्ट डॉलरचा नवा पाठवतो. टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन रस्त्यावर कुत्र्याचे पिल्लू घेते तेव्हा टॉम दहा डॉलर फेकतो आणि विकणाऱ्याला, यात आणखी दहा कुत्री घे, असे सुनावतो. हे सारे एका पानावर आले की कोणता माणूस पैसे कसे टाकतो यावरून त्याचा स्वभाव वाचता येतो.

त्याच पानावर प्रत्येकाच्या नावापुढे एक प्रश्न लिहावा : याचा पैसा आला कुठून? टॉमच्या बाबतीत उत्तर कुठेच सापडत नाही. त्याचे घराणे गडगंज आहे एवढे निक सांगतो, आणि टॉमने शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टहून पोलोचे घोडे पूर्वेकडे आणले याचा दाखला देऊन विषय संपवतो. गॅट्स्बीच्या पैशाची चौकशी मात्र त्याचीच दारू पिणारे पाहुणेसुद्धा करतात. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू झाली होती आणि औषधाच्या दुकानांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर मद्य विकण्याची मुभा होती, ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर टॉम गॅट्स्बीच्या औषधाच्या दुकानांचा उल्लेख करतो तेव्हा त्याला काय म्हणायचे आहे ते लगेच उमगते. गॅट्स्बी स्वतःही एकदा सापडतो. हे घर घेण्याइतके पैसे मिळवायला आपल्याला बरोबर तीन वर्षे लागली असे तो निकला सांगून बसतो. पैसा तर वारशाने आला होता ना, असे निक विचारतो, तेव्हा युद्धाच्या धामधुमीत तो बहुतेक बुडाला अशी सारवासारव तो करतो. वारशाच्या श्रीमंतीला खुलासा द्यावा लागत नाही आणि कमावलेल्या श्रीमंतीला तो सतत द्यावा लागतो, हा टॉम-डेझी राहतात ते ईस्ट एग आणि गॅट्स्बी राहतो ते वेस्ट एग या दोन वस्त्यांमधला खरा फरक आहे. या वस्त्या काल्पनिक असल्या तरी लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मॅनहॅसेट नेक आणि ग्रेट नेक या भूशिरांवर बेतलेल्या आहेत. फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात ग्रेट नेकला, म्हणजे नवश्रीमंतांच्या बाजूला राहत होते. नकाशा उघडून हा भाग एकदा पाहून ठेवावा. न्यूयॉर्ककडे जाताना मध्ये लागणारे राखेचे पठार क्वीन्समधल्या कोरोना इथल्या राखेच्या ढिगाऱ्यांवरून घेतले आहे, आणि तिथेच पुढे १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले.

दोन्ही पाने तयार झाली की पाचवे प्रकरण पुन्हा वाचायला घ्यावे, आणि या वेळी अगदी सावकाश. गॅट्स्बी आणि डेझी यांची भेट निकच्या घरी ठरते. त्या भेटीच्या बदल्यात गॅट्स्बी निकला एक जोडधंदा देऊ करतो, आणि निक तो नाकारतो, कारण केलेल्या उपकाराची ही उघड किंमत आहे हे त्याला कळते. हे गॅट्स्बीचे ओशाळवाणे वागणे वाचक सहसा विसरतात. त्याच्या मनात वाईट काहीच नसते; प्रेमाच्या व्यवहारातही मध्यस्थाला काही द्यावे लागते एवढेच त्याला ठाऊक आहे. मग पाऊस, चहा आणि संकोच. गॅट्स्बी शेकोटीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाला डोके टेकवून उभा राहतो, ते कलंडते आणि तो थरथरत्या बोटांनी ते सावरतो. आपण कित्येक वर्षांत भेटलो नाही असे डेझी म्हणते, आणि तो तत्क्षणी उत्तर देतो की येत्या नोव्हेंबरमध्ये पाच वर्षे होतील. घड्याळाच्या प्रसंगावर विद्यार्थ्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत, पण मला या उत्तराचे अधिक नवल वाटते. तिच्याकडे ‘कित्येक वर्षे’ आहेत आणि त्याच्याकडे महिन्यासकट हिशेब आहे.

पुढे तो तिला घर दाखवतो. त्या वेळी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे पाहून तिच्या डोळ्यांत काय उमटते, त्यावरून तो त्या वस्तूची किंमत नव्याने ठरवत असावा असे निकला वाटते. इंग्लंडहून मागवलेल्या शर्टांचा ढीग तो तिच्यापुढे टाकतो आणि ती त्यात तोंड खुपसून रडते. ती कशासाठी रडते याचे एकच उत्तर देण्याचा आग्रह धरू नये. हुकलेल्या माणसासाठी ती रडते, हुकलेल्या श्रीमंतीसाठी रडते, की हा माणूस तेव्हाच श्रीमंत असता तर काहीच हुकले नसते या जाणिवेने रडते, हे कादंबरी मुद्दाम सांगत नाही. मात्र हे उत्तर शोधताना आठव्या प्रकरणातले लुईव्हिलचे वर्णन शेजारी ठेवावे. तिथे तरुण अधिकारी गॅट्स्बी डेझीच्या घराने दिपून जातो. अनेक पुरुषांनी आधीच तिच्यावर प्रेम केले आहे यामुळे त्याच्या नजरेत तिचे मोल वाढते. संपत्ती तारुण्याला कसे कोंडून आणि जपून ठेवते हे त्याला जाणवते, आणि गरिबांच्या धडपडीपासून दूर, सुरक्षित असलेली डेझी त्याला चांदीसारखी झळकताना दिसते. म्हणजे प्रेम आधी शुद्ध होते आणि पैशाने ते नंतर बिघडवले, असे म्हणण्याची सोय कादंबरी ठेवत नाही. डेझीच्या आवाजात पैसा भरलेला आहे, हे सातव्या प्रकरणातले प्रसिद्ध उद्गार निकचे नाहीत, गॅट्स्बीचे आहेत, हेही विसरू नये.

गतकाळाच्या ओढीसाठी सहाव्या प्रकरणाची शेवटची दोन-तीन पाने पुरेशी आहेत. गेलेले पुन्हा आणता येत नाही असे निक म्हणतो, आणि गॅट्स्बीला ते अविश्वसनीय वाटते. त्याची योजना ऐकण्यासारखी आहे : डेझीने टॉमला ‘माझे तुझ्यावर कधीच प्रेम नव्हते’ असे सांगावे, मग दोघांनी लुईव्हिलला परत जावे आणि पाच वर्षांपूर्वी झाले असते तसे तिच्या माहेरच्या घरातून लग्न करावे. त्याच्या मागणीतला ‘कधीच’ हा भाग अधोरेखित करावा. टॉमला सोडणे डेझीला कदाचित जमले असते, पण तिने आपली तीन वर्षे खोटी ठरवावी अशी त्याची अट आहे. प्लाझा हॉटेलातल्या त्या उकाड्याच्या दुपारी तो नेमके हेच वदवून घ्यायला जातो, आणि आपले टॉमवरही एकेकाळी प्रेम होते असे ती कबूल करते तेव्हा सारे तिथेच संपते. मोटारीचा अपघात, मर्टलचा मृत्यू आणि तिचा नवरा विल्सन याची बंदूक हे त्यानंतरचे सारे वेगाने वाचले तरी चालते.

आता निकविषयी. तो डेझीचा नातेवाईक आहे, टॉमचा कॉलेजचा सोबती आहे आणि गॅट्स्बीचा शेजारी आहे; तिघांशीही संबंध असल्यामुळे त्याला सर्वत्र प्रवेश आहे, पण म्हणून त्याची साक्ष तटस्थ ठरत नाही. आपण कोणाविषयी घाईने मत बनवत नाही असे तो सुरुवातीलाच सांगतो आणि पुढे पानोपानी मते देतो. लुईव्हिलच्या चांदण्यातल्या गॅट्स्बी आणि डेझी यांच्या पहिल्या चुंबनाला निक हजर नव्हता. तो प्रसंग गॅट्स्बीने सांगितला, आणि त्यातली भावविवशता निकलाही असह्य झाली होती. तरीही आपल्यापर्यंत तो निकच्या सुंदर भाषेत पोहोचतो. तारखांच्या पानावरचा तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो. जे जे गॅट्स्बीच्या मनातले म्हणून आपण वाचतो, त्यापुढे ‘निकचा अंदाज’ असे जिथे लिहावे लागते त्या जागा मोजून पाहाव्यात. त्या बऱ्याच निघतात, आणि गॅट्स्बीला मोठेपण देणारी भाषा बहुतांशी त्याच जागांवर आहे.

चिन्हांच्या मागे फार लागू नये. डेझीच्या घराच्या धक्क्याच्या टोकावरचा हिरवा दिवा आणि जाहिरातफलकावरचे डॉ. एकलबर्ग यांचे डोळे यांवर इतके लिहिले गेले आहे की नवा वाचक ते दिसेपर्यंत धीर धरत नाही. हिरव्या दिव्याबद्दल एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की पाचव्या प्रकरणात डेझी शेजारी उभी असताना गॅट्स्बी तो दिवा तिला दाखवतो, आणि त्याच क्षणी तो धक्क्यावरचा एक साधा दिवा होऊन जातो. शेवटच्या पानावर निक आपल्या शब्दांत तो दिवा पुन्हा पेटवतो, तो गॅट्स्बीसाठी नसून स्वतःसाठी आहे असे मला वाटते.

लेखकाचे चरित्र वाचावे, पण कादंबरीनंतर. फिट्झजेराल्ड यांना १९१५ मध्ये भेटलेली शिकागोची जिनेव्हरा किंग ही श्रीमंत तरुणी, तिने १९१८ मध्ये आपल्याच श्रीमंत वर्गातल्या मुलाशी केलेले लग्न, झेल्डा सेअर यांनी १९१९ मध्ये मोडलेला वाङ्‌निश्चय आणि पहिली कादंबरी प्रसिद्ध होताच १९२० मध्ये झालेला त्यांचा विवाह, हे सारे डेझीच्या गोष्टीशी जुळते खरे. परंतु लेखक नुसता गॅट्स्बी नाही, बाहेरून पाहणारा निकही तोच आहे; चरित्र आधी वाचले की ही दुसरी बाजू झाकली जाते. त्यांच्या हयातीत या पुस्तकाने त्यांना फारसे काही दिले नाही. पहिल्या आवृत्तीच्या वीस हजारांहून थोड्या अधिक प्रती निघाल्या, दुसऱ्या छपाईच्या तीन हजारांतल्या काही प्रती १९४० मध्ये ते वारले तेव्हाही विकल्या गेल्या नव्हत्या, आणि कादंबरीला मोठा वाचकवर्ग मिळू लागला तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी तिची स्वस्त आवृत्ती छापली गेल्यानंतर.

चित्रपट सर्वांत शेवटी पाहावेत. २०१३ च्या चित्रपटात अमिताभ बच्चन वुल्फशाइमच्या भूमिकेत आहेत, त्यामुळे आपल्याकडे अनेकांची या कथेशी पहिली ओळख तिथेच झाली. त्यात निक एका उपचारगृहात बसून ही गोष्ट लिहितो. मूळ कादंबरीत असे उपचारगृह नाही. १९७४ च्या चित्रपटात, श्रीमंत मुली गरीब मुलांशी लग्न करत नाहीत, असे डेझी स्पष्टच सांगते, आणि हे वाक्य कादंबरीतले समजून अनेक निबंधांत उद्धृत केले जाते. पुस्तकातली डेझी असे काही म्हणत नाही. ती शर्टांत तोंड खुपसून रडते, आणि कारण विचारले नसतानाही, इतके सुंदर शर्ट आपण कधी पाहिले नाहीत याचे दुःख होते असे सांगते. दोन्ही डेझी शेजारी ठेवून ते एक पान पुन्हा वाचले, तर पटकथाकाराने काय सोपे केले ते नेमके सापडते.